सव्वातीन लाख कूलोम

नसरापूरच्या चौकातून वेल्ह्याकडे वळलं की थोड्या अंतरावर दीपमालाचं पत्र्याचं दुकान लागतं. पाटी नाही. बाहेर दुरुस्त केलेल्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात एक आकडा असतो: ७२,०००, किंवा १,०८,०००. नवखा माणूस ती किंमत समजतो आणि चहाच्या टपरीकडे सटकतो. ती किंमत नाही, ते कूलोम आहेत.

दीपमाला वरवे बुद्रुकची. दहावीपर्यंत माझ्या हाताखाली विज्ञान शिकली, मग जवळच्या एका कारखान्यात आठ वर्षं मोटारींच्या गुंडाळ्या भरल्या, आणि तो बंद पडल्यावर हे दुकान टाकलं. मी भोर तालुक्यात अठ्ठावीस वर्षं कूलोम शिकवला. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलोम प्रभार, हे वाक्य मी पोरांकडून इतकं घोकून घेतलं की झोपेतही म्हणतील. पण एकदाही मोजून दाखवला नाही, आणि याची मला लाज वाटते.

ती मोजते. तिच्या दुकानाचा एक नियम आहे, त्यापायी गिऱ्हाईक तिच्यावर चिडतं आणि पुन्हा तिच्याकडेच येतं. कुठलीही बॅटरी मोजल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. बॅटरी पूर्ण भरायची, तिला गाडीचे दिवे जोडायचे, अँपिअरचा काटा बघायचा आणि ती दमेपर्यंत घड्याळ बघत बसायचं. अँपिअर गुणिले सेकंद. येईल तो आकडा ब्रशने वर लिहायचा. कंपनीने काय छापलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. मी टॉर्च घेऊन तिच्याकडे बसलो होतो. पालीचा गोरख एसटीने आला, काखेत नवाकोरा बॅटरीचा डबा. त्याच्या आईला, रतनबाईंना, चुलीच्या धुराने फुप्फुसाचा आजार झालेला. दवाखान्यातून घरी सोडताना ऑक्सिजनचं लहान मशीन दिलं होतं. दुसऱ्या दिवशी लाईनच्या कामासाठी नऊ ते पाच लाईट जाणार होती आणि मशीनची स्वतःची बॅटरी दहा मिनिटांच्या वर टिकत नव्हती. म्हणून त्याने हा डबा मागवला. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, एक लाख मिलिअँपिअर-तास. त्याला फक्त मशीनला बसेल अशी पिन लावून हवी होती. घरी शंभर अँपिअर-तासांची जुनी बॅटरी होती, ती त्याने भंगारात देऊन टाकली होती. शंभर कुठं आणि लाख कुठं, असं त्याचं म्हणणं.

दीपमालाने कपाळाला हात लावला. हजार मिली म्हणजे एक, तेव्हा लाख मिली म्हणजे शंभरच. जेवढं छापलेलं घालवलं तेवढंच छापलेलं विकत आणलं होतं. गोरखने डब्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग त्याने हिशेब केला की मशीन दहा अँपिअर ओढतं, शंभराला दहा तास, म्हणजे तरी आठ तास आरामात निघतील. माझाही हिशेब तोच आला आणि मी मान डोलावली. मास्तरांची मान किती सहज डोलते बघा.

तिने पिन लावली, पण डबा देईना. गोरखला राग आला, त्याला तीनची एसटी गाठायची होती. डबा तो घरून पूर्ण भरूनच घेऊन आला होता; तिने तो दिव्यांना जोडला, काटा दहावर आणला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. अडीच तासांनी दिवे पिवळे पडले आणि विझले. नऊ हजार सेकंद, नव्वद हजार कूलोम. छापलेला लाखाचा आकडा आतल्या साडेतीन-चार व्होल्टच्या सेलांचा होता, मशीनला बारा व्होल्ट लागत होते. व्होल्ट चढवताना प्रभार तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि वर थोडी गळतीही होते. हे मला माहीत होतं. आठवलं मात्र दिवे विझल्यावर.

गोरख बाकावर बसला तो उठेना. आईला पुण्याला हलवायचं तर तेवढ्या वाटेलाही हाच डबा, आणि वाटेत कुठे अडकलं तर अडीच तास पुरतील याची खात्री नाही. दीपमालाने खडूने पत्र्यावर लिहायला घेतलं. आठ तासांचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. लाईटवाल्यांचं काम वेळेत उरकत नाही म्हणून एक तास जास्त, तीन लाख चोवीस हजार. त्यातले नव्वद हजार डब्यात. राहिलेले कुठे आहेत हे तिला तोंडपाठ होतं, कारण सगळे आकडे तिनेच लिहिलेले. शिवऱ्याच्या गेनबांच्या टेम्पोत एक लाख आठ हजार. वरव्याच्या भजनी मंडळाच्या स्पीकरच्या बॅटरीत बहात्तर हजार. तिने दोन फोन केले, दोन्हीकडून होकार आला. तरी चोपन्न हजार कमी पडत होते. दुकानाची स्वतःची बॅटरी सत्तावन्न हजार सहाशेची, तिच्यावरच सगळं काम चालायचं. ती तिने काढून बाजूला ठेवली आणि फळीवर "उद्या बंद" लिहिलं.

एवढं सगळं कूलोमातच का करतेस, असं मी तिला विचारलं.

"सर, मोबाईलवाला मिलीत सांगतो, टेम्पोवाला तासात. समदं एका मापात आणल्याबिगर बेरीज कशी करायची?"

अठ्ठावीस वर्षांत याहून बरं उत्तर मी कुठल्या पेपरात वाचलेलं नाही.

चारही बॅटऱ्या रात्रभर पूर्ण भरून घेतल्या आणि सकाळी गेनबांच्या टेम्पोतून आम्ही त्या पालीला नेल्या. मीही गेलो, मान डोलावल्याचं प्रायश्चित्त म्हणून. टेम्पोची बॅटरी काढल्यावर गेनबा दिवसभर ओट्यावर अडकून पडले आणि गोरखच्या बायकोने, सुलक्षणाने, त्यांना चार वेळा चहा पाजला. रतनबाईंना मोतीबिंदू, त्यात बिचाऱ्या झोपेच्या गुंगीत. त्यांच्या खाटेखाली दीपमाला एकीनंतर एक बॅटरी जोडत होती, नवी लागल्याशिवाय जुनी सोडत नव्हती. मशीन एकदाही अडखळलं नाही.

पाच वाजले. लाईट आली नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा गोरख उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. तो आईकडे बघेना, बॅटरीकडे बघेना. दीपमालाने घड्याळ बघितलं.

"गोरखदादा, बसा. आजून छप्पन मिनटं हायती. म्या मोजल्याली हायती."

अंदाजे नाही, तासभर नाही, छप्पन. तो बसला. मी माझ्या आयुष्यात कुठल्या आकड्यावर इतका विश्वास टाकलेला माणूस पाहिला नव्हता. माझाही तेवढाच बसला होता.

लाईट आली पाच चाळीसला. दीपमालाने मशीन भिंतीतल्या सॉकेटला जोडलं, तारा गुंडाळल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदा पाणी मागितलं. खाटेवर हालचाल झाली. रतनबाईंनी कूस बदलली आणि नाकातली नळी सावरत लेकाला हाक मारली.

"गोरख, आज लाईट जानार व्हती म्हनत व्हतास. कवा जानार हाय रं?"