आमच्या घरातली आमदार

मी कॉफी करायला आत गेले आणि माझी धाकटी जाऊ आमदार झाली. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. थट्टाच होती, पण नशिबाने माझी केलेली.

बंगळुरातल्या चामराजपेटमधलं आमचं घराणं मराठी खरं, पण इतकं जुनं की मूळ गाव कुठलं हे सासऱ्यांनाही सांगता यायचं नाही. आमच्यात पाहुण्याला कॉफी देण्याचा मान थोरल्या सुनेचा. दुसरीने फिल्टरला हात लावायचा नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्या गेल्यावर मी ती आणखी कडक केली. मी राज्यशास्त्रात एम. ए., माहेर बेळगावचं. नळाच्या पाण्यासाठी गल्लीतल्या बायकांचे मोर्चे काढले ते मी, अधिकाऱ्यांशी भांडले ती मी. त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर पक्षाचे पुढारी "घरी येतो" म्हणाले, तेव्हा ते कशासाठी येताहेत हे मला सांगावं लागलं नाही. मला ते तिकीट हवं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

पाहुणे बसले आणि शिरस्त्याप्रमाणे मी आत गेले. त्यांना फिल्टरमधलं सकाळचं डिकॉक्शन द्यायला मन होईना, म्हणून ताजं काढायला ठेवलं. ते थेंब थेंब गळत होतं, आणि बाहेर माझी जाऊ सुमित्रा उंबऱ्यापाशी अबोलीचा गजरा करत बसली होती. मोठ्या पुढाऱ्याने सहज विचारलं, "काय अम्मा, पाणी येतं का नीट?"

"येतं की," सुमित्रा म्हणाली. "तुम्ही येणार असं कळलं की येतं. रोज येत जावा."

मी ट्रे घेऊन बाहेर आले तर सगळे पोट धरून हसत होते. माझ्या कॉफीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. पुढच्याच आठवड्यात तिकीट जाहीर झालं, तिचं. शाळेत आठवीच्या पुढे न गेलेली माझी जाऊ निवडूनही आली.

दिसायला ती बुटकी, गोल, हसली की अंगभर हलायची. खुर्चीवर तिला कधी धड बसता आलं नाही. दारापुढच्या कट्ट्याला आम्ही कन्नड लोकांसारखं जगलीच म्हणतो. त्या जगलीवर मांडी घालून तिचा दरबार सकाळपासून भरायचा. कुणाच्या मुलाचा दाखला, कुणाचं तुंबलेलं गटार, कुणाचा दारुडा जावई. प्रत्येकाला तिचं एकच उत्तर: "स्वल्प थांबा, होतंय बघा." अर्ध्याहून अधिक कामं व्हायची नाहीत, हे मी खात्रीने सांगते. ती विसरायची. एकाचं काम दुसऱ्याला सांगायची. कमिटीच्या बैठकीत तिला झोप लागायची. आणि त्या सगळ्या माणसांना पाच वर्षं कॉफी कोण पाजत होतं? मान थोरल्या सुनेचा ना!

एका बाईच्या बोळातला दिवा सुमित्राच्या अख्ख्या कारकिर्दीत लागला नाही. तरी ती बाई चकल्यांचा डबा घेऊन यायची. मी एकदा न राहवून विचारलं, "अहो, काम झालं नाही तुमचं, मग चकल्या कशाला?"

"दिवा नाही लागला, अक्का," ती म्हणाली, "पण सुमक्का येऊन माझ्यासंगती अंधारात उभ्या राहिल्या. त्याआधी कोण आलं होतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लिहिलेल्या एकेका अर्जाने अख्ख्या रस्त्याला दिवे आले होते. मला कुणी चकलीचा तुकडा दिला नव्हता.

विधानसौधात ती पहिल्यांदा बोलणार होती, तेव्हा मी तिला शुद्ध, ग्रांथिक कन्नडमध्ये भाषण लिहून दिलं. नेसायला माझी हिरवी मैसूर सिल्क दिली आणि गॅलरीत जाऊन बसले. माझीच वाक्यं तिच्या तोंडून ऐकायची, एवढं तरी आपल्या वाट्याला येईल असं वाटत होतं. ती उभी राहिली, कागद उघडला आणि म्हणाली, "अध्यक्षमहाराज, हे माझ्या अक्कांनी लिहिलंय. फार चांगलं आहे. पण वाचलं तर मला दम लागेल आणि तुम्हाला झोप." सभागृह खो खो हसलं. मग ती पाणीटंचाईवर आपल्या मनाने बोलली. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला, माझ्या साडीत.

पाच वर्षांनी पक्षाला कुणीतरी शिकलेलं हवं झालं. तिला तिकीट नाकारलं. आता ही रडेल, निदान एक दिवस तरी जेवणार नाही, म्हणून मी वाट पाहत होते. ती पुढाऱ्यांना म्हणाली, "आमच्या अक्का आहेत की. एम. ए. आहेत. त्यांना द्या." आणि त्यांनी दिलं! जे मी माझ्या कर्तृत्वाने मिळवायचं, ते तिने हळदीकुंकवाला ओटी भरावी तसं माझ्या पदरात घातलं. नाही म्हणण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

प्रचारात ती माझ्या एक पाऊल मागे चालायची. दार उघडलं की माणसं माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघून हसायची. "सुमक्का, आत या की!" मी हात जोडून उभीच. मी पडले. थोडक्यात नाही, चांगलीच पडले.

निकालाच्या संध्याकाळी सुमित्रा माझ्या खोलीत येऊन हमसून हमसून रडली. "लोकांना अक्कल नाही, अक्का. तुमच्यासारखी बाई त्यांना कुठून मिळणार?" त्या रडण्यात खोट काढावी म्हणून मी तिच्याकडे निरखून पाहिलं. खोट नव्हती. पडले होते मी आणि पाठीवरून हात फिरवत होते तिच्या. तेव्हा तिचा जितका राग आला तितका त्या तिकिटाच्या वेळीही आला नव्हता.

पुढे आमचे हे गेले, वर्षभरात दीरही गेले. मुलं हेब्बाळकडे ऑफिसांजवळच्या फ्लॅटांत राहायला गेली. घरात आम्ही दोघी जावा उरलो. जगलीवर माणसं येतच होती. मी चिडून म्हणायचे, "अगं, आता तू कोण लागतेस ह्यांची?"

"आमदारकी गेली, अक्का," ती म्हणायची. "जगली कुठं गेली?"

गेल्या वर्षी ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. पुढचं अधिवेशन सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव होता. दिवंगत माजी सदस्यांची नावं वाचतात आणि सगळं सभागृह मिनिटभर उभं राहतं. मी टीव्ही लावून बसले. तिचं नाव आलं. मंत्री उठले, विरोधक उठले. ज्यांनी तिला कधी पाहिलंही नसेल असे तरुण आमदार माना खाली घालून उभे राहिले. मी गेल्यावर कोण उभं राहणार आहे?

"सुमे," मी मोठ्याने म्हणाले, "बघ ये, मंत्रीसुद्धा उभे राहिलेत तुझ्यासाठी!"

आतून ओ आली नाही. मला तिचा इतका हेवा वाटत होता की तो कुणाला तरी सांगावासा वाटला, आणि सांगण्यासारखी घरात ती एकटीच होती.