बागेतली एक चक्कर

माझी आई, प्रमिलाबाई, कतारगामात घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. पण सुरतेतल्या आमच्या खानदेशी लोकांत तिचं नाव होतं ते गांधीबागेत जुळवलेल्या सोयरिकींमुळे. आमच्या एका खोलीत पाच माणसं, त्यात रातपाळी करून दिवसा घोरणारा मामा. पाहुण्यांना बसवणार कुठे, मामाच्या उशाशी? म्हणून एक्क्याण्णव सालापासून आईने मुलगी दाखवायचा कार्यक्रम त्या इंग्रजांच्या वेळच्या बागेत नेला. रविवारी, तापीकडच्या बाकावर, डब्यातले पोहे. पोहे गार व्हायचे, पण वारा सुरेख यायचा. नदी आमच्या खानदेशातूनच येते, त्यामुळे तिथे परकं वाटायचं नाही. ते रविवार आठवले की अजून जीव हळहळतो.

आईचा नियम एकच. मुलामुलीने बागेला एक चक्कर मारायची, दोघांनीच. म्हातारे नाकं मुरडायचे. आई ऐकून घ्यायची, नियम बदलायची नाही.

शहाण्णवला माझी पाळी आली. मुलगा वाल्मिक, सुरतेजवळच्या सचिन वसाहतीत, कारखान्यात कायम नोकरीला. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि शिक्षण सुटेल या धास्तीने जीव टांगणीला लागला होता. चकरेचं नाव काढताच त्याची आई पुष्पाबाई आमच्या खानदेशी बोलीत म्हणाल्या, "आमनामा आसं चालत नही."

आई डब्याचं झाकण लावत बसली. लोकांच्या पोरींसाठी भांडणारी बाई स्वतःच्या पोरीच्या वेळी मूग गिळून बसलेली पाहून मला भयंकर राग आला.

मग तिने पदर खोचला. "बरं. पोरे बसू द्या आठेच, ह्या बाकवर. चाला बाई, आपूच चक्कर मारूत, पाय मोकया व्हतीन." आणि पुष्पाबाईंचा हात धरून, सगळे पाहुणे मागे घेऊन ती निघालीसुद्धा.

बाकावर आम्ही दोघंच उरलो. वाल्मिक सभ्य होता. मी शिक्षणाचं विचारलं. "लग्नानंतर कशाला?" तो अगदी सहज म्हणाला.

परतताना आईने विचारलं, "तुना मनमा काय शे?"

"नही," मी म्हटलं.

हुंडा न मागणारं स्थळ. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. आईने रिकामा डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "माले कोनी इचारंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पुष्पाबाईंकडे जाऊन माझा नकार सांगून आली. काय ऐकून घेतलं ते सांगितलं नाही. घरी येऊन मात्र माझ्यासमोरच रडली.

"चांगलं स्थळ व्हतं वं," ती म्हणाली. डोळे पुसले. "आते नापास नको व्हऊ."