आप्पांचं ‘चालू दे’ आणि मनीषाची छत्री

आमच्या खात्यात दोन गोष्टींचा ढीग लागतो. एक चिंध्यांचा आणि दुसरा किश्श्यांचा. चिंध्या शनिवारी भंगारवाला टेम्पोत घालून घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही! ते आमच्याकडेच पडून राहतात, आणि चहाच्या वेळी एकाने एक ओढला की त्याच्यामागून दहा निघतात. पण हल्ली कुणीही सुरुवात केली तरी गाडी मनीषाच्या छत्रीवरच येऊन थांबते.

खातं म्हणजे सुरतजवळच्या सचिन गावच्या इंडस्ट्रियल एरियातलं ग्रे चेकिंग. लूमवरून उतरलेलं कोरं कापड, त्याला ग्रे म्हणतात, ते आमच्याकडे येतं. एक तिरपी दुधी काच, काचेमागे ट्यूबलाइट, आणि काचेवरून कापड सरकत जातं. मागून उजेड आला की कापडाला काही लपवता येत नाही. तुटलेला धागा, जाडपातळ विणकाम, तेलाचा डाग, सगळं उघडं पडतं. मशीन चालवायचं काम माझं. उजवा पाय पेडलवर. दाबला की कापड पळतं, उचलला की थांबतं. आणि समोर बघायला आमचे आप्पा.

आप्पा पाटील, मूळ अमळनेरकडचे. अठ्ठावीस वर्षं तीच काच, तेच स्टूल. तळहात वर केला की ‘थांब’. दोन बोटं पुढे हलवली की ‘चालू दे’. बाकी दिवसभर तोंडातून अक्षर नाही. त्यातली बावीस वर्षं माझा पाय त्यांच्या हाताला बांधलेला आहे म्हणा ना!

*

एकदा कापड पाठवणाऱ्या एका पार्टीचा माणूस भांडायला आला. “इतने अच्छे माल में फॉल्ट कहाँ है, दिखाओ!”

आप्पांनी डोळे मिटले. कापडावरून तळहात फिरवत नेला आणि एका जागी बोट ठेवलं. “हाई देखो. दो धागा साथ में गया.”

भिंग लावून मोजलं. गेले होते! तो माणूस कापडाकडे बघेना, आप्पांच्या हाताकडेच बघत बसला. “ये आदमी है कि मशीन?”

कापडाच्या घड्या घालून ताके बांधणारे आमचे फोल्डिंग मास्तर जिग्नेशभाई तिथेच उभे होते. म्हणाले, “मशीन होत तो कोईक दिवस बगडत ने!” म्हणजे, मशीन असतं तर कधीतरी बिघडलं असतं!

*

आता मनीषा. आप्पांची एकुलती एक पोरगी. हजीऱ्याला एका मोठ्या प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. उंचावर चढणाऱ्या माणसांना पट्टे बांधायला शिकवते. पट्टा नीट नसेल तर कुणाच्याही अंगावर ओरडते, म्हणजे अगदी साहेबाच्या सुद्धा!

तीन वर्षं पैसे साठवले आणि “ट्रेनिंगला चालले” म्हणून परदेशात गेली. परत आल्यावर आप्पांच्या दिंडोलीच्या घरी सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. आम्हीही होतो. विमानाचं दार उघडं, आणि आमची मनीषा दारातून बाहेर!

काकूंचा, म्हणजे मनीषाच्या आईचा, हात तोंडावर. “अगं बाई, पडली कशी?”

“पडले नाही आई, उडी मारली. लायसन्स मिळालं मला!”

“कुणी ढकललं ते सांग आधी!”

आप्पांनी मोबाइल हातात घेतला. तीनदा व्हिडिओ बघितला. आम्हाला वाटलं, आता आभाळ कोसळणार. चौथ्यांदा त्यांनी पॅराशूटची छत्री उघडते तिथे व्हिडिओ थांबवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “कापड कोणतं शे?”

*

त्या दिवशी मनीषाने बापाला एक शब्द दिला. स्वतःची छत्री घ्यायची तिची फार इच्छा होती. भाड्याची दर वेळी वेगळी मिळते, पट्टे कुणाच्यातरी मापाचे असतात, तिला ते पटत नव्हतं. ती म्हणाली, “आप्पा, घेणार तर मी आहेच. पण तुम्ही ‘चालू दे’ म्हटल्याशिवाय ती घेऊन उडी मारणार नाही.”

आप्पा म्हणाले, “जमिनवर काय कमी शे?” आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी चहाला ती खात्यात आली आणि तिने आम्हाला सगळा सेट समजावला. त्याला रिग म्हणतात. एका पिशवीत दोन छत्र्या. एक नेहमीची, दुसरी राखीव. शिवाय एक छोटं यंत्र, माणूस बेशुद्ध पडला तरी ते राखीव छत्री आपोआप उघडतं. हे ऐकून आम्ही चहा प्यायचं विसरलो. माणसाने कुठवर विचार करून ठेवलाय बघा!

नवा सेट म्हणजे एका मोटारीची किंमत, तेव्हा सेकंड हँडच बघायचा होता. जिग्नेशभाई म्हणाले, भाव मी करतो. एका विकणाऱ्याला फोन लावला आणि आमच्यासमोर सांगितलं, “भाई, दो में से एक ही दे दो, आधे में!”

मनीषाने फोन काढून घेतला. “काका, पहिली उघडली नाही तर दुसरी लागते.”

जिग्नेशभाईंनी क्षणभर विचार केला. “तो पछी बीजी ज लई लो ने!” मग दुसरीच घ्या की, असं त्यांचं म्हणणं.

*

विकत घ्यायला बघितलेली पहिली छत्री स्वस्त होती आणि दिसायला अशी, की नवरीच्या शालूने लाजावं. मनीषा बघताक्षणी फिदा! पण तिच्या शिकवणाऱ्या सरांनी फोनवर विचारलं, वजन किती? नुसतं तुझं नाही, बूट, हेल्मेट, पिशवी, सगळं धरून. वजन जास्त आणि छत्री लहान असली तर ती वेगात खाली येते, नवशिक्याला झेपत नाही.

मग आम्ही तिला हेल्मेट घालून, पाठीवर तेवढ्याच वजनाचं कापड बांधून, आमच्या ताके मोजायच्या काट्यावर उभी केली. काट्यावरच्या माणसाने सवयीने चिठ्ठी फाडून हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मनीषाबेन, नग एक, पॅकिंगसह.’

ती चिठ्ठी मनीषाने अजून पाकिटात जपून ठेवली आहे.

वजनाला छत्री लहान पडत होती. मनीषाचा चेहरा उतरला, तरी म्हणत होती, जरा जपून वापरेन, शिकेन हळूहळू. आप्पांनी तळहात वर केला. “थांब. पन्हा कमी शे.”

*

दुसरी छत्री घेऊन बडोद्याचा एक गृहस्थ स्वतः आला. कामरेजला हायवेवरच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. शेकडो उड्या मारलेला माणूस, बोलण्यात असा रुबाब की आम्ही खुर्च्यांवर सावरूनच बसलो. मापाची छत्री, भावही बसत होता. मनीषाने पिशवी पाठीवर घालून बघितली, पट्टे अंगाला अगदी नेमके बसले. तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

आप्पांनी छत्रीचा मधला भाग हातात घेतला. तोंडाला लावला आणि जोरात फुंकर मारली. पलीकडे त्यांचा डावा हात धरलेला. मग माझा हात धरला तिथे आणि परत फुंकर मारली. माझ्या तळव्याला वारा लागला.

“थांब,” आप्पा म्हणाले. “हवा आरपार जास.”

त्या गृहस्थाने छत्री आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाला, “अंकल, आप कितने साल से जंप कर रहे हो?”

“मी?” आप्पा म्हणाले. “मी तर लिफ्टमधी पन बसत नही.”

घरी येताना मनीषाने सरांना फोन केला. सर म्हणाले, कापड जुनं झालंय का ते बघायला आम्हीसुद्धा असंच करतो, तुझ्या वडिलांना हे कुणी शिकवलं? मनीषाने मागे वळून बघितलं. आप्पा गाडीच्या खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

*

तिसरी बंगळूरहून आली. लग्नानंतर उड्या सोडलेल्या एका बाईंची. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, आधी नीट तपासून घ्या, पसंत पडली तरच पैसे पाठवा.

सुट्टीच्या दिवशी सेठची परवानगी काढून आम्ही खातं उघडलं. रोलरवर नाही चढवली, मशीन बंद ठेवून काचेवरून हातानेच सरकवायची ठरली. मी ट्यूबलाइट लावल्या. काय सांगू तुम्हाला! बावीस वर्षांत मी त्या काचेवरून किती कापड पळवलं असेल त्याचा हिशेब नाही. पण ती निळी-पांढरी छत्री उजळली आणि खात्यात एकदम देवळात यावी तशी शांतता आली. एवढासा गठ्ठा, आणि उलगडत गेलो तर संपेचना! मुठीत मावेल इतकं मऊ, आणि त्याच्यावर एक अख्खं माणूस लोंबकळणार. मी घाबरून हात पुसून घेतले.

आप्पांनी चार तास बघितली. शिवण न् शिवण. दोऱ्या बोटांतून ओढून बघितल्या. जेवायलाही उठले नाहीत. ‘थांब’ नाही आणि ‘चालू दे’ही नाही.

शेवटी मनीषाने हळूच विचारलं, “आप्पा?”

“लाइट कमी शे,” आप्पा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मनीषा त्यांच्या मागे धावली, मी मनीषाच्या मागे. तेवढ्यात खात्यात एकटे राहिले ते जिग्नेशभाई! आम्ही दहा मिनिटांनी परत आलो तर छत्री काचेवर नव्हतीच. टेबलावर एक सुंदर चौकोनी ताका होता. कडा कडक, दोऱ्या आत दडपलेल्या, वर प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकवर आमच्या खात्याचं लेबल!

“उघडा माल मी ठेवत नाही,” जिग्नेशभाई छाती काढून म्हणाले.

मनीषाने आधी ते लेबल सोलून काढलं. नंतर सगळा सेट पाठवला छत्र्या तपासून बांधणाऱ्या एका जाणकाराकडे. राखीव छत्री फक्त त्यानेच उघडायची आणि बांधायची असा नियम आहे. त्याने आतून-बाहेरून सगळं तपासून पसंत केलं. पण आधी त्याचा फोन आला. “मॅडम, ये फोल्डिंग किसने किया? इतनी सुंदर फोल्डिंग मैंने ज़िंदगी में नहीं देखी.”

जिग्नेशभाई खूश. फोन स्पीकरवर होता.

“बस, हवा में कभी खुलती नहीं.”

*

मग तीन आठवडे घरात शुकशुकाट. जाणकाराने पास केलं, सरांनी पास केलं. मनीषाने बाईंना पैसे पाठवले, पिशवी कपाटावर ठेवली आणि तिला हात लावला नाही. शब्द म्हणजे शब्द! बापाला एकदाही पुन्हा विचारलं नाही. बापानेही विषय काढला नाही. खात्यात मात्र त्यांचा तळहात उगाचच वर जायला लागला. चांगल्या चांगल्या कापडाला ‘थांब’! माझा पाय दुखायला लागला.

शेवटी काकूंनीच ताट वाढता वाढता विचारलं, “तुमचा लाइट यायचा कधी?”

आप्पांनी घास खाली ठेवला. “चल,” ते मनीषाला म्हणाले. “मी येतो तिकडे.”

“म्हणजे ‘चालू दे’ का?”

“मी येतो म्हटलं.”

*

उत्तर गुजरातेत एक जुनी धावपट्टी आहे, हिवाळ्यात तिथे उड्या चालतात. आम्ही चौघं गेलो. आप्पा, काकू, मनीषा आणि मी. मला कशाला नेलं, विचारू नका. आप्पा म्हणाले, “भास्कर येईल,” म्हणून मी गेलो.

सकाळचे नऊ वाजले असतील. आप्पांनी पोरीच्या पाठीवरचा एक-एक पट्टा ओढून बघितला. दोनदा बघितला. विमानाचा पंखा फिरायला लागला. मनीषा जागची हलेना.

“आप्पा, तुम्ही बोलला नाहीत अजून.”

“थांब तर म्हटलं नाही ना?”

ती बघत राहिली. मग हसली, वाकून दोघांच्या पाया पडली आणि गेली.

विमान वर वर जात पार माशीएवढं झालं. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि माझी बाही घट्ट धरली. मी बघत होतो. मला खरं सांगायचं तर काही दिसत नव्हतं, नुसतं निळं. मग कुणीतरी ओरडलं, “निकली!” एक ठिपका. तो पडतोय. पडतोच आहे. अजून पडतोय! आणि एकदम तो ठिपका वर खेचल्यासारखा थांबला आणि त्याच्या डोक्यावर निळी-पांढरी छत्री फुलली.

मी आयुष्यात एवढं मोठं काही बघितलेलं नाही. होती तर केवढीशी! पण आभाळात दुसरं काहीच नव्हतं. मी रडत होतो ते मला नंतर कळलं.

आप्पा एकटे पुढे जाऊन उभे होते. हालचाल नाही. मनीषा गोल फिरत खाली येत होती आणि एका वळणावर छत्री बरोबर सूर्याच्या आड आली. सगळी उजळली. शिवण न् शिवण दिसली, प्रत्येक कप्पा, कापडाचे दोन्ही थर.

आप्पांचा तळहात वर गेला.

काकूंनी डोळे उघडले आणि त्या हाताकडे बघून पुन्हा मिटले. तो हात तसाच वर होता. आप्पांची मान डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत गेली, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

मग तळहात मिटला, दोन बोटं पुढे आली आणि हलली.

“चालू दे.”

आणि तिथे, त्या धावपट्टीच्या कडेच्या गवतात, माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला.