गणपतीचा राहिलेला डोळा

माझी बायको सुमन गेली त्या वर्षी मी देवाला नमस्कार करणं सोडलं होतं. दुकानात चाळीस गणपती, आणि मी एकालाही हात जोडत नव्हतो. चौथी शिकलेला माणूस आहे मी, सजवून लिहिता येत नाही. घडलं तसं सांगतो.

पुण्याच्या कुंभारवाड्यातलं मूर्ती रंगवायचं दुकान सुमनच्या माहेरचं. मी ट्रक चालवायचो. शहराबाहेर तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यांच्या काचा नि सळया मी बंगळूरच्या रस्त्यानं आणल्या. त्याच रस्त्यावर नको तिथं थांबलो. आडून कशाला सांगू? एचआयव्ही घरात मी आणला. माझ्यामुळे तिला झाला. रिपोर्ट आल्यावर दोन महिने ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग एके सकाळी म्हणाली, "अहो, आता गाडी बंद करा. पीतांबर रंगवायला माणूस हवाच आहे मला." त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

अंगाचा रंग, दागिने, पीतांबर सगळं शिकलो. डोळे मात्र तीच काढायची. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत ती माती असते, झाली की देव. सुमन श्वास धरून एका बैठकीत दोन्ही डोळे काढायची. "शिका की तुम्हीपण," म्हणायची, आणि मी काहीतरी काम काढून उठायचो. ज्या हातांनी हिचं वाटोळं केलं, त्या हातांनी देवाचे डोळे उघडायचे? लोकांनी मला लांब ठेवलं ते नंतर. मी स्वतःला आधीच लांब ठेवलं होतं.

सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या सुरू झाल्या, त्या मला लागू पडल्या. तिला उशीर झाला होता. श्रावणात एका मूर्तीचा उजवा डोळा काढून तिनं कुंचला खाली ठेवला. "जरा पडते," म्हणाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच गेली. एचआयव्ही असला की तेव्हा अंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्यायचे, तसंच तिला आणलं, आणि ते प्लास्टिक बघून गल्लीला जे कळायचं ते कळलं.

जुन्या घरांतली माणसं आषाढातच आपापला पाट आमच्याकडे आणून ठेवायची, मूर्ती त्याच पाटावरून घरी जायची. पाटाखाली आडनाव रंगवलेलं असतं. सुमनचे दिवस झाले आणि माणसं पाट परत न्यायला लागली. भांडलं कुणी नाही. पुण्यात भांडत नाहीत, "यंदा जरा लहानच मूर्ती आणायची म्हणतोय" असं म्हणतात. एकानं घरात सुतक आहे म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मंडईजवळ पेढे घेताना दिसला. शाळेतून निवृत्त झालेल्या दामलेबाईंनी तर पाट वर्तमानपत्रात धरून नेला. मी ठरवलं, चतुर्थी झाली की उरलेल्या मूर्ती पाण्यात सोडायच्या आणि दुकानाला कुलूप लावायचं. माझ्या गोळ्याही मी टाळायला लागलो होतो. कुणासाठी खायच्या?

चतुर्थीच्या चार दिवस आधी दामलेबाई परत आल्या. बगलेत पाट. "अहो, हा आमचा नाही. खाली देवधरांचं नाव आहे. गडबडीत उचलला मी. आमचा कुठाय?"

शोधला, तर त्यांचा पाट त्या एका डोळ्याच्या मूर्तीखाली. सुमन शेवटची बसली होती ती त्यांच्याच गणपतीपुढं, हे मलाही ठाऊक नव्हतं. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं.

"देवाला असं अर्धवट ठेवलंत?"

"काढणारी गेली. मूर्ती उतरवतो, पाट न्या."

"दुसरा तुम्ही काढा."

"मलाही तोच आजार आहे, बाई."

"ते साऱ्या गल्लीला माहितीये. रंगातून होतो का तो?"

"नाही. हात लावूनही नाही, शेजारी जेवूनही नाही. डॉक्टर सांगतात."

"मग बसा." पदर खोचत म्हणाल्या, "मला भीती वाटते हं, खोटं कशाला बोलू? पण मी थांबते इथं." आणि त्यांनी वायरचा बल्ब उचलून मूर्तीजवळ धरला.

मी सुमनच्या जागी बसलो. हात इतका कापत होता की कुंचल्यातला रंग मांडीवर सांडला. मनात म्हटलं, देवा, तुझ्याशी मी बोलत नाही, पण हिचं काम अर्धं राहिलंय. श्वास धरला. पुढचं नीट सांगता येत नाही. उजव्या कानाशी सुमन नेहमीसारखी गप्प बसली आहे असं वाटलं, एवढंच. रेघ सुरू झाली ती कोपऱ्यापर्यंत गेली. खाली पाहिलं तेव्हा हात पुन्हा कापत होता.

बाई मूर्तीकडे वाकल्या. "उजव्यापेक्षा मोठा झालाय. असू दे. आमच्याकडची गर्दी बघून देवाला आश्चर्य वाटलं म्हणू."

मूर्ती नेण्याआधी त्यांनी मला विचारलं, "खरं ते लिहून लावू का?" आणि मी हो म्हटलं. त्यांच्या दिवाणखान्यात मूर्तीशेजारी त्यांनी वळणदार अक्षरात कागद लावला: "मूर्तीचा उजवा डोळा कै. सुमनबाईंनी व डावा त्यांच्या यजमानांनी काढला आहे. दोघांनाही एचआयव्ही. तो स्पर्शाने होत नाही. दर्शन घ्यावे, प्रसाद घ्यावा, नसत्या चौकशा करू नयेत."

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी आरतीला मला बोलावलं. मी चपलांजवळच उभा राहिलो. बाईंची नणंद कागद वाचून प्रसाद न घेता निघून गेली. आरती संपली तशी बाईंनी तबक माझ्या हातात दिलं. "फिरवा." आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. समोर पहिलेच देवधर, ज्यांचा पाट बाईंनी चुकून नेला होता. त्यांनी कागद वाचला, मूर्ती निरखली. "डावा डोळा जरा रागावलेला वाटतो," म्हणाले आणि दोन्ही हातांनी आरती घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावली. मागून एकेक हात पुढं आले. सगळे नाही, पण आले. तबक फिरवून झालं, मग माझे हात आपोआप जोडले गेले, आणि त्या भरल्या घरात मी सुमनसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. कुणी गप्प बसा म्हणालं नाही.

याला चमत्कार म्हणा, नका म्हणू. मी वाद घालणार नाही. देवापुढं जाताना हात स्वच्छ हवेत असं मी धरून बसलो होतो, आणि माझे कधी होणार नव्हते. शेवटी आहेत तेच नेले, त्यानं चालवून घेतले. सुमननंही तसेच चालवून घेतले होते, ते मला कळलं नव्हतं. दोघांचे उपकार आहेत, आणि त्या बाईंचेही. आता रोज वेळेवर गोळी घेतो, कुंचला भिजवतो आणि आखणीला बसतो. डोळा बरा उतरला की सुमनला सांगतो. बिघडला की देवाला सांगतो, बाबा, आता तूच सांभाळून घे.