फोटोवर हात

गौतमी सातवीत होती आणि चांगलीच तोंडाळ होती. तिची वर्गशिक्षिका म्हणून हे मी आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाला उगाच देवमाणूस करायची आपल्याकडची खोड मला मुळीच आवडत नाही.

केंदूरजवळच्या आमच्या शाळेत दुपारची खिचडी झाली की सातवीतल्या प्रत्येकानं दुसरीतलं एक पोर घेऊन वाचायला बसायचं, असा रिवाज आहे. गौतमीच्या वाट्याला धनगराच्या घरची प्रगती आली. ही पोरगी पुस्तक घडाघडा म्हणायची, पण चित्र बघून. शेळीचं चित्र दिसलं की शेळीची सगळी गोष्ट तोंडपाठ. मी फसले, गौतमी नाही फसली.

"ही वाचत न्हाई बाई, थापा मारती," ती म्हणाली. "जूनमधी मी आठवीला पाबळला जायच्या आत हिला वाचायला लावतेच बघा."

मग तिनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि शाळा सुटली की प्रगतीला फाट्यावरच्या फ्लेक्ससमोर उभं करायला लागली. आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सना काही तोटा नाही. "फोटोवर हात धर. आता अक्षर वाच," असं दरडावायची. प्रगती एक डोळा मिटून, फोटो तळव्याआड करून अडखळत वाचायची, बोलणी खायची आणि तरी तिचाच हात धरून घरी जायची.

दिवाळीच्या सुट्टीत गौतमीला ताप आला. डेंग्यू. शिरूरहून पुण्याला हलवलं, पण ती वाचली नाही. तिचे वडील नवनाथ कंपनीच्या ड्रेसवरच अंत्यविधीला उभे होते. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

प्रगती तेव्हा मामाकडे दौंडला होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. शाळा उघडली त्या सकाळी, तिनं गौतमीचा फ्लेक्स बघायच्या आत आपणच सांगावं म्हणून मी फाट्याकडे निघाले. पोचले तेव्हा ती टाळ्या पिटत होती.

"बाई, ताईचा फ्लेक्स! ताईचा वाढदिवस हाय!"

मी तिला तिथून वळवायला गेले. तिनं मात्र शिकवल्यासारखा एक डोळा मिटला आणि तळवा पुढं धरून ताईचा फोटो झाकला.

"भा... व... भावपूर्ण... आद... आदरांजली."

कुठंही चुकली नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, वाढदिवसाला तर असं लिहीत न्हाईत."

मी तिला जवळ घेतलं. फोटोवरचा हात काही तिनं खाली घेतला नाही.