शांताचा थोरला

डाव्या कुशीवर हात ठेवून शांता दटावायची, "ऊठ रे, धाकटी बघ कशी नाचतेय." पोटातलं उजवीकडचं मूल लाथा मारायचं, डावीकडचं गप्प. थोरला झोपाळू आहे, बापावर गेलाय, असं ती कौतुकाने सांगायची. हा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होता आणि मी विधवा झाल्यापासून त्याच्याच मोरिवलीच्या दोन खोल्यांत राहत होते.

जुळं आहे हे निदान माझं. पाचव्यातच पोट सातव्याएवढं दिसायला लागलं, तेव्हा मी चाळभर सांगून टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत इतकी बाळंतपणं झालेली, की माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डोहाळजेवणाला मला बाहेर बसता येत नव्हतं, पण आतून मीच बजावलं, दोन ओट्या भरा. बायकांनी दोन भरल्या.

"तुम्ही म्हणता तर तसंच असेल," हे शांताचं पालुपद. आमटी खारट झाली म्हणा की अळणी, तिला दोन्ही पटायचं. मला या स्वभावाची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर सोयही. सातव्यात तिचे हात काड्यांसारखे झाले, दोन घासांत पोट भरायला लागलं. एक दिवस तिने मला हळूच विचारलं, "वन्सं, दवाखान्यात दाखवून येऊ का? डावीकडे फार दुखतं." मी हसले. दोघांना पोसतेस, दुखणारच, म्हटलं. तिने मान डोलावली.

पुढे ताप उतरेना, म्हणून भावाने मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पोटाचा फोटो उजेडासमोर धरला. मूल एकच होतं. डावीकडे होती ती अंडाशयाची गाठ, कॅन्सरची. ज्याला ती दोन महिने अंगाई म्हणत होती, ती गाठ! शांताने कुशीवरचा हात सावकाश काढून घेतला.

इतकं दुखत होतं तर आधी का आला नाहीत, तेव्हा काही करता आलं असतं, म्हणून डॉक्टर चिडले. भाऊ शेजारीच उभा होता.

"मीच नको म्हणत होते," शांता म्हणाली. "वन्सं किती मागे लागल्या होत्या."

आठव्यात पोट उघडून मुलगी सुखरूप काढली. गाठही काढली, पण रोग आत पसरला होता. मुलगी पालथी पडायला लागली आणि शांता गेली.

मुलीला मी वाढवलं. आता ती आईबद्दल विचारते. भाऊ माझ्याकडे बघत तिला सांगतो, "आत्याचं ऐकलं असतं, तर तुझी आई वाचली असती." मी पोळ्या लाटत राहते.