खाजेचा दाखला

२००९च्या जुलैत एका गुरुवारी नोंदणी खिडकीवरच्या कारकुनाने आमची फाइल तिसऱ्यांदा परत केली. आखातातल्या जबल अलीजवळच्या एका व्हिलात एसीची वीज वाचावी म्हणून आम्ही छताखाली ग्लासवूल, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची टोचरी लोकर, भरली होती. पण पुराव्याचे फोटो काढण्याआधीच सुताराने फॉल्स सीलिंग बंद केलं. वीज वाचवणाऱ्या घरांच्या सरकारी दर्जा योजनेत व्हिलाची नोंद झाली नाही तर माझा व्हिसा रद्द होणार होता; मंदीत माझ्या ठेकेदार कंपनीला तेवढं निमित्त पुरे होतं.

"भरलंय हो," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," तो म्हणाला. म्हणजे देवाची इच्छा असेल तर; रत्नागिरीचा हा कारकून नकार याच शब्दात देई.

दुपारी मात्र तो स्वतःच व्हिलावर आला. बूट काढून शिडीवर चढला, सीलिंगमधला दिवा उतरवला, बाही वर सारली आणि भोकात खांद्यापर्यंत हात घातला.

"फोटो काय साहेब, कुणाच्याही घराचा आणता येतो," तो वरूनच म्हणाला.

पाच मिनिटं तो तसाच उभा राहिला. मग लाल झालेला हात करकरा खाजवत खाली उतरला.

"खलास," तो म्हणाला. तिथल्या भाषेत, झालं, काम पूर्ण.

रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, नोंदणी क्रमांक मिळाला. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं : इचिंग कन्फर्म्ड.